विसर वयाचा की गांजाचा? घरच्या घरी चार आठवड्यांत शोध घ्यायची रीत

आजोबा एकच प्रश्न तासाभरात तीनदा विचारतात. रक्तदाबाची गोळी घेतली की नाही हे त्यांना सांगता येत नाही. परवा बँकेतून परतताना नेहमीचं वळण चुकलं. अशा वेळी घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, वय झालं, आता हे चालायचंच. दुसरा म्हणतो, ती चिलीम आधी बंद करा, मग बोलू. दोघेही अंदाजानेच बोलत असतात, आणि त्या भांडणात सहा महिने सहज निघून जातात. आजार खरंच मेंदूचा असेल तर हेच सहा महिने मोलाचे असतात.

भांग, गांजा, चरस यांचा स्मरणशक्तीवर होणारा परिणाम बराचसा उलटू शकतो आणि तो उलटायला ठरावीक काळ लागतो. अल्झायमरचा विसर असा उलटत नाही. त्यामुळे वापर पूर्ण थांबवून चार आठवडे नीट नोंद ठेवली, तर कोणता विसर कशाचा हे बऱ्याच अंशी वेगळं करता येतं. त्याची रीत इथे दिली आहे. निदान डॉक्टरच करतील, पण त्यांच्यापुढे तुम्ही जी वही ठेवाल तिच्यावर निदानाची अचूकता बरीच अवलंबून असेल.

मेंदूत काय घडतं

गांजातल्या मुख्य मादक द्रव्याला टीएचसी म्हणतात. ते १९६४ साली इस्रायलमध्ये वेगळं काढलं गेलं. ते मेंदूत जिथे चिकटतं त्या ग्राहीला सीबी-१ हे नाव आहे. आपल्या मेंदूचं स्वतःचंही एक रसायन या ग्राहीवर काम करतं. ते १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये सापडलं आणि संस्कृतातल्या ‘आनंद’ शब्दावरून त्याला आनंदामाइड असं नाव दिलं गेलं. हे रसायन गरज असेल तिथे, गरज असेल तेवढंच तयार होतं आणि लगेच विरघळून जातं. टीएचसी मात्र एकाच वेळी सगळीकडे चिकटतं आणि तासन्‌तास टिकतं. अडचण इथून सुरू होते.

सीबी-१ ग्राहींची सर्वाधिक दाटी असते त्या भागांत हिप्पोकॅम्पस येतो. नवी आठवण आधी तिथे नोंदवली जाते. टीएचसी तिथल्या पेशींमधलं निरोपांचं देणंघेणं दाबून टाकतं, त्यामुळे नवी गोष्ट मेंदूत उतरतच नाही. म्हणून नशेत असलेल्या माणसाला १९७२ चा दुष्काळ तपशिलाने सांगता येतो, पण सकाळी कोण येऊन गेलं हे सांगता येत नाही. जुनं कपाट शाबूत असतं, नव्या कागदांची फाइलच लागत नाही. याशिवाय न घडलेलं घडल्यासारखं वाटण्याचं प्रमाणही वाढतं. “मी सांगितलं होतं तुला” असं आजोबा ठामपणे म्हणतात तेव्हा ते खोटं बोलत नसतात.

मेंदूच्या पुढच्या भागात हाच परिणाम लक्ष टिकण्यावर होतो, तर लहान मेंदूत तोल सांभाळण्यावर. वयस्कर माणसाच्या बाबतीत तोल जाणं हे विसरण्याइतकंच गंभीर समजा. पडणं, डोक्याला मार, मग मेंदूभोवती हळूहळू साचणारं रक्त, ही साखळी विस्मरणासारखीच दिसते.

तरुणाला जेवढ्याने काही होत नाही तेवढ्याच मात्रेने ज्येष्ठाला का लागतं? टीएचसी चरबीत साठतं. वयाबरोबर शरीरातलं स्नायूंचं प्रमाण घटतं, चरबीचं वाढतं, आणि यकृताचा वेगही मंदावतो. आदल्या दिवशीचं पुरतं बाहेर पडलेलं नसताना आजचं आत येतं. तीस वर्षं तेवढीच भांग घेणाऱ्या माणसाला सत्तरीत ती अचानक ‘लागायला’ लागते, याचं कारण बहुधा हेच असतं. मात्रा जुनीच असते, ती झेलणारं शरीर बदललेलं असतं.

घरात नेमकं काय येतं आणि किती

या पायरीला घाई करू नका. निम्म्या घरांत इथेच चूक होते.

चिलीम ओढणारा माणूस सहज ओळखू येतो. त्याच्याकडे पुडी असते, साफी (चिलमीला लावायचं फडकं) असते, वास असतो. त्याच्या बाबतीत विचारायचं ते हे: दिवसातून किती चिलमी, पहिली किती वाजता, शेवटची किती वाजता, चिलीम एकट्याची की चारजणांत फिरणारी, आणि त्यात तंबाखू मिसळतात का. तंबाखू बहुतेक वेळा असतेच, आणि पुढे तिचा वेगळा हिशेब करावा लागतो. मात्रा मोजण्याचा सोपा मार्ग म्हणजे एक पुडी किती ग्रॅमची आणि ती किती दिवस पुरते ते पाहणं. १० ग्रॅमची पुडी पाच दिवसांत संपत असेल तर रोजचे २ ग्रॅम. गांजाचा कस दर पुडीत बदलतो, पण निदान कल कळतो.

भांग घेणारा सहज ओळखू येत नाही, कारण घरात तिला नशा म्हणतच नाहीत. ‘थोडी गोळी घेतो, पोट साफ होतं, झोप लागते’ इतकंच. वाटलेल्या भांगेचा गोळा वाटाण्याएवढा की बोराएवढा, रोज की एकादशी-शिवरात्रीला, दुधातून की नुसता, हे विचारा. पानटपरीवर मिळणारा भांगेचा मुनक्का किंवा गोळी ‘आयुर्वेदिक’ लिहिलेल्या रंगीत वेष्टनात असते. ती आजीही घेत असू शकते आणि ती पाचक आहे असं तिला मनापासून वाटत असतं.

मग औषधांचं कपाट उघडा. आयुर्वेदात भांगेला विजया म्हणतात. जातीफलादि चूर्णात ती असते, आणि हे चूर्ण जुलाब, ग्रहणीसाठी महिनोन्‌महिने घेतलं जातं. कामेश्वर मोदक, मदनानंद मोदक यांतही असते. औषधकायद्याच्या परिशिष्टात भांग वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायच्या द्रव्यांत गणली जाते आणि वेष्टनावर तशी सूचनाही छापलेली असते, पण अक्षरं बारीक असतात. घटकांच्या यादीत ‘विजया’, ‘भंगा’, ‘भांग’, ‘कॅनाबिस सटायवा’ यांपैकी एखादा शब्द दिसतो का ते भिंग घेऊन पाहा.

हल्ली सांधेदुखीसाठी विजया तेलाच्या ड्रॉपरच्या बाटल्या मागवल्या जातात. लेबलावरचे मिलिग्रॅम संपूर्ण बाटलीचे असतात. ३० मिलिलिटरच्या बाटलीवर १५०० मिलिग्रॅम लिहिलं असेल तर १ मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम. मिलिलिटरला साधारण २० थेंब धरले तर एका थेंबात अडीच मिलिग्रॅम. हा आकडा टीएचसीचा, सीबीडीचा (गांजातलंच दुसरं द्रव्य) की दोन्ही मिळून, ते लेबलावर शोधा. ‘फुल स्पेक्ट्रम’ म्हणजे टीएचसीसकट. सीबीडीने नशा चढत नाही, पण तीही निरुपद्रवी नाही. ते औषधांच्या डब्यापाशी आल्यावर कळेल. किराणा दुकानातलं हेम्प बियांचं (म्हणजे भांगेच्या झाडाच्या बियांचं) तेल ही निराळी वस्तू आहे. अन्न म्हणून २०२१ पासून तिला परवानगी आहे आणि तिच्यात टीएचसी नगण्य असतं. तिच्यावर संशय घेऊन वेळ घालवू नका.

अमेरिका-कॅनडात मुलांकडे राहायला गेलेल्या आईबाबांच्या बाबतीत फ्रिजमधल्या गमी आणि चॉकलेट तपासा. १० मिलिग्रॅम टीएचसीची एक गमी छोटी दिसते. औषध म्हणून दिलं जाणारं टीएचसी ज्येष्ठांना २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, म्हणजे ती एक गमी चार पटीची होते. कॅनडात ऑक्टोबर २०१८ मध्ये कायदा बदलला आणि पुढे खाण्याचे पदार्थ दुकानात आले. त्यानंतर ज्येष्ठांच्या विषबाधेच्या रुग्णालयभेटी ठळक वाढल्या. कॅलिफोर्नियात ६५ वर्षांवरच्यांच्या गांजाशी निगडित तातडीच्या भेटी २००५ मध्ये दर लाख तातडीच्या भेटींमागे २०.७ होत्या, २०१९ मध्ये त्या ३९५ झाल्या.

ही चौकशी करताना आवाज न्यायाधीशाचा नको. “बाबा, डॉक्टरांना सांगायचंय, नाहीतर ते चुकीची गोळी देतील” एवढं खरं कारण पुरतं. पुडी गुपचूप फेकण्याचा मोह टाळा. माणूस दुसरी आणतोच, शिवाय तुम्हाला खरं सांगणं बंद करतो आणि पुढची सगळी नोंद खोटी ठरते. पोलिसांची भीती आड येत असेल तर हे सांगा: गांजा आणि चरस १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात येतात, महाराष्ट्रात भांगेवरही दारूबंदी कायद्याचं नियंत्रण आहे, पण उपचारासाठी डॉक्टरांकडे जाणं हा गुन्हा नाही. उलट स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्याच कायद्याच्या कलम ६४-अ मध्ये संरक्षण दिलेलं आहे.

थांबवण्याआधी औषधांचा डबा

सगळ्या गोळ्या टेबलावर ओता आणि डॉक्टरांना किंवा जाणत्या औषधविक्रेत्याला पुढच्या गोष्टी विचारा.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा ॲसेनोकुमारॉल चालू असेल तर गांजा आणि सीबीडी ते यकृतात तुटू देत नाहीत, रक्त जास्त पातळ राहतं. डॉक्टरांनी मात्रा त्याच स्थितीत बसवलेली असते. गांजा थांबला की आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते दाखवणारा तपासणीतला आकडा) खाली येऊ शकतो आणि गुठळीचा धोका वाढतो. म्हणून थांबवल्यावर आठवड्याभरात आयएनआर तपासायचा. हृदयात स्टेंट असल्याने क्लोपिडोग्रेल घेणाऱ्यांच्या बाबतीत सीबीडी त्या औषधाला कामाला लावणाऱ्या यकृतातल्या विकराला (एन्झाइमला) अडवू शकतं.

धूर ओढणं थांबवल्यावर होणारा बदल फारसा कुणी सांगत नाही. धुरामुळे यकृताचं एक विकर वेगाने चालत असतं. दम्याचं थिओफिलिन किंवा मानसिक आजारावरचं ओलान्झापिन, क्लोझापिन त्या वेगाने शरीराबाहेर जात असतं. धूर थांबला की हीच औषधं त्याच मात्रेत जास्त साचतात. मळमळ, धडधड, हात थरथरणं, फार गुंगी अशी लक्षणं पहिल्या आठवड्यात दिसली तर ती ‘गांजा सुटल्याची’ म्हणून सोडून देऊ नका.

विसर पाडणाऱ्या गोळ्या वेगळ्या काढा. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम, झोलपिडेम या झोपेच्या, ॲमिट्रिप्टिलिन, ट्रायहेक्सिफेनिडिल, ऑक्सिब्युटिनिन, आणि सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन. यांतली एखादी भांगेबरोबर चालू असेल तर दोष कुणाचा हे चार आठवड्यांत कळणार नाही. मात्र झोपेच्या गोळ्या आणि दारू मनाने एकदम बंद करू नका. त्या अचानक तोडल्या तर फीट येऊ शकते. गांजा एकदम थांबवला तर तसा जिवाचा धोका नसतो. तेव्हा क्रम असा: आधी गांजा, बाकीचं डॉक्टरांच्या सल्ल्याने नंतर.

आणखी तीन परिस्थितींत स्वतःहून थांबवू नये: कर्करोगाच्या वेदना, फीट किंवा डिमेन्शियातल्या (अल्झायमरसारख्या आजारांत वाढत जाणाऱ्या स्मृतिभ्रंशातल्या) चिडचिडीसाठी डॉक्टरांनीच ते लिहून दिलं असेल तेव्हा. कॅनडातल्या ३८ अल्झायमर रुग्णांवरच्या चाचणीत नॅबिलोन या टीएचसीसारख्या औषधाने चिडचिड कमी झाली, पण गुंगीही वाढली. हे औषध शांत करण्यासाठी होतं, स्मृती परत आणण्यासाठी नव्हे.

पहिल्या सकाळची नोंद

थांबवण्याआधी एक आधाररेषा हवी, म्हणजे नंतर तुलना करायला सुरुवातीची नोंद. सकाळी दहाच्या सुमारास, नाश्त्यानंतर, शेवटच्या चिलमीला किंवा गोळीला किमान आठ तास झालेले असताना. चष्मा आणि कानाचं यंत्र लावलेलं, टीव्ही बंद. चाचणी एकाच व्यक्तीने घ्यायची आणि नातवंड घेणार असेल तर फार चांगलं, कारण मुलगा-सून समोर बसले की आजोबांना ती परीक्षा वाटते.

खालच्या यादीतले दहा शब्द सेकंदाला एक या वेगाने वाचा. मग आठवतील ते म्हणायला सांगा. तीच यादी पुन्हा वाचा, पुन्हा विचारा. असं तीनदा. वीस मिनिटं दुसऱ्या कामात घालवा, भाजी निवडा, अंगणात चक्कर मारा, आणि मग यादी न वाचता विचारा.

यादी १: विहीर, चादर, लिंबू, पोपट, रस्ता, पणती, बादली, पाऊस, कंगवा, दगड.

यादी २: डोंगर, उशी, काकडी, बैल, पूल, छत्री, परात, थंडी, आरसा, वाळू.

यादी ३: नदी, टोपी, पेरू, कावळा, दार, सुई, तांब्या, धुकं, साबण, माती.

पहिली यादी आज, दुसरी चौदाव्या दिवशी, तिसरी अठ्ठाविसाव्या दिवशी. तीच यादी पुन्हा वापरली की माणूस ती पाठ करतो आणि तुम्ही उगाच खूश होता. वहीत चार आकडे लिहा: पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या फेरीचा आणि वीस मिनिटांनंतरचा. यादीत नसलेले शब्द आले तर तेही लिहा. वीस मिनिटांनंतर न आठवलेल्या शब्दांसाठी खूण द्या, “एक फळ होतं”, “एक पक्षी होता”, आणि खुणेने किती आले ते वेगळं लिहा. हा शेवटचा आकडा डॉक्टरांच्या सर्वांत कामाचा. खूण दिल्यावर शब्द आला तर तो आत कुठेतरी होता. खूण देऊनही तिसऱ्या फेरीत सांगितलेला शब्द ओळखीचाच वाटत नसेल तर तो पुसलाच गेला आहे.

“अहो, आठवा ना, सोपं आहे” असं म्हणणं, ओठ हलवून सुचवणं, हे सगळं आकडे बिघडवतं. चुकलं तरी “बरं, पुढे” एवढंच.

यानंतर वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार... हे लक्षाचं मोजमाप. मग एका मिनिटात जितक्या भाज्यांची नावं येतील तितकी. शेवटी एक साधी जबाबदारी द्या, “मी ही वही मिटली की मला चहाची आठवण करा.” पुढे करायचं काम लक्षात ठेवण्याची क्षमता गांजाने लवकर डळमळते, आणि रोजच्या गोळ्या चुकतात त्या याच कमतरतेमुळे. या सगळ्याला लिहिता-वाचता येण्याची गरज नाही.

त्याच दिवशी रक्तदाब दोन स्थितींत घ्या. पाच मिनिटं आडवं झोपल्यावर एकदा, उभं राहिल्यावर एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर उभं राहताना भोवळ येऊन पडण्याचा धोका आहे. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन आणि रक्तदाबाच्या गोळ्यांबरोबर गांजा असेल तर ही घसरण जास्त होते. हे दिसलं तर रात्री लघवीला उठताना पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसूनच उठायचं, हा नियम त्याच रात्रीपासून.

चार आठवडे

दिवसाला एखादी चिलीम किंवा गोळी असेल तर ठरवून एका दिवशी थांबवा. चार-पाच चिलमी असतील तर दर तीन दिवसांनी एक कमी करा, सुरुवात सकाळच्या चिलमीपासून. दिवसाचं मोजणं शेवटच्या झुरक्यापासून सुरू होतं, कमी करायला लागल्यापासून नव्हे.

त्रास साधारण एक ते तीन दिवसांत सुरू होतो, पहिल्या आठवड्यात शिगेला जातो आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. चिडचिड, झोप उडणं, फार जिवंत स्वप्नं, घाम, भूक मरणं. वयस्कर माणसाच्या बाबतीत यातली भूक मरणं ही सर्वांत धोक्याची गोष्ट, कारण मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालूच असतं आणि पोटात अन्न नसतं. ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर पहिला आठवडाभर सकाळी आणि रात्री तपासा, ७० च्या खाली आली तर साखरपाणी लगेच आणि डॉक्टरांना फोन. पेज, ताक-भात, मऊ खिचडी असं थोडं थोडं पाच वेळा द्या.

झोपेसाठी दुसऱ्याच्या डब्यातली गोळी देऊ नका, वही तिथेच निरुपयोगी होते. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चारनंतर चहा नको, सकाळी अर्धा तास उन्हात चालणं. चिलमीत तंबाखू असेल तर निकोटीनही सुटतं आहे हे लक्षात ठेवा. तलफ गांजाची नसून तंबाखूची असू शकते. त्यासाठी डॉक्टरांच्या सल्ल्याने निकोटीनचा डिंक चालतो. गांजा सोडून बिडी वाढली तर रक्तवाहिन्यांचं आणि पर्यायाने मेंदूचं नुकसान चालूच राहतं.

रोज रात्री वहीत एक ओळ लिहा: गोळ्या स्वतःहून घेतल्या का, तोच प्रश्न किती वेळा, पैसे मोजताना चूक, गॅस चालू राहिला का, तोल गेला का, झोप किती. सहा नोंदी, दोन मिनिटांचं काम. विसर ‘जास्त-कमी वाटतो’ असं लिहू नका. ‘नातीचं नाव दोनदा चुकलं’ असं लिहा.

अठ्ठावीस दिवसच का? रोज गांजा ओढणाऱ्यांच्या मेंदूचं चित्रण केलं तेव्हा सीबी-१ ग्राही घटलेले आढळले. मेंदू सततच्या माऱ्यापुढे दारं बंद करून घेतो. वापर थांबवल्यावर दोन दिवसांतच ते परतायला लागतात आणि सुमारे चार आठवड्यांत बहुतेक भागांत पूर्ववत होतात. हिप्पोकॅम्पसमध्ये मात्र वेळ लागू शकतो. हे अभ्यास तरुणांवरचे होते, म्हणून सत्तरीच्या माणसाच्या बाबतीत सुधारणा चालू असेल तर आणखी चार आठवडे द्यायला हरकत नाही. या काळात लघवीची चाचणी करून पकडण्याचा खेळ करू नका. रोज घेणाऱ्याच्या लघवीत थांबवल्यावर महिनाभरही अंश सापडतो, आणि प्रामाणिक माणूस खोटा ठरतो.

वही वाचताना

एक-दोन शब्द वाढले म्हणजे काही सिद्ध होत नाही, सरावानेही तेवढे वाढतात. पहिल्या ते तिसऱ्या फेरीत चढ स्पष्ट झाला, यादीबाहेरचे शब्द यायचे थांबले, वार उलटे न अडखळता आले, आणि रोजच्या ओळींमध्ये तेच प्रश्न कमी झाले, असं सगळं एका दिशेने गेलं तर विसरात गांजाचा वाटा मोठा होता. तिसऱ्या फेरीत सात-आठ शब्द येऊनही वीस मिनिटांनी एक-दोनच उरतात, खुणेनेही येत नाहीत, रस्ता चुकणं चालूच आहे, असं असेल तर न्यूरोलॉजिस्टकडे जायला आणखी थांबू नका. साठीपुढच्या भारतीयांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के आढळलं आहे. गांजा ओढणाऱ्यालाही तो होतोच.

अर्धवट सुधारणा होऊन गाडी अडली, हा प्रकारही पाहायला मिळतो. तेव्हा बी-१२, थायरॉइड, सोडियम, साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन तपासून घ्या. शाकाहारी माणूस मेटफॉर्मिन आणि पँटोप्राझोल वर्षानुवर्षं घेत असेल तर बी-१२ कमी असण्याची शक्यता बरीच असते, आणि तो विसर इंजेक्शनने सुधारू शकतो. ऐकू कमी येणं आणि उदासी यांनाही वगळू नका. कित्येकदा मूळ दुखणं उदासीचं असतं आणि चिलीम त्यावरचा उतारा.

दीर्घकाळच्या परिणामाबद्दल संशोधन काय सांगतं? न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या सुमारे हजार जणांचा मागोवा घेतला गेला. ४५ व्या वर्षी, दीर्घकाळ गांजा घेणाऱ्यांचा बुद्ध्यंक बालपणापेक्षा सरासरी साडेपाच गुणांनी घटलेला होता आणि हिप्पोकॅम्पस लहान होता. अमेरिकेतल्या पंचवीस वर्षांच्या एका पाहणीत, रोजच्या वापराच्या दर पाच वर्षांमागे दोघांतल्या एकाला पंधरापैकी एक शब्द कमी आठवला. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात, गांजामुळे रुग्णालय गाठावं लागलेल्या ४५ वर्षांवरच्यांपैकी १९ टक्क्यांना दहा वर्षांत डिमेन्शियाचं निदान झालं. हा शेवटचा आकडा दाखवून आजोबांना घाबरवू नका. तो आजारी पडून दवाखान्यात पोचलेल्यांचा आहे, आणि इतर कारणांनी तातडीने दाखल झालेल्यांशी तुलना करून बाकीचे आजार हिशेबात घेतले की वाढीव धोका सुमारे सव्वापट उरतो. उलट डेन्मार्कमधल्या ५,१६२ पुरुषांच्या अभ्यासात गांजा घेतलेल्यांची घसरण किंचित कमीच निघाली. म्हणजे कधीतरी घेतलेल्याने मेंदू संपतो असं नाही. रोज, वर्षानुवर्षं, जास्त मात्रेत, हे चित्र मात्र काळजीचं आहे.

‘गांजाने म्हातारा मेंदू तरुण होतो’ हा मजकूर फिरतो तो २०१७ च्या जर्मनीतल्या संशोधनावरून. ते उंदरांवर होतं. अगदी अल्प टीएचसी अठ्ठावीस दिवस सलग देऊन म्हाताऱ्या उंदरांचं शिकणं सुधारलं. तेच तरुण उंदरांमध्ये बिघडलं. चिलमीतल्या मात्रेशी त्याचा मेळ लावता येत नाही.

एकदम चढली तर

होळी, महाशिवरात्र, लग्नातली ठंडाई. ओढलेला गांजा काही मिनिटांत चढतो आणि तीनचार तासांत उतरतो. पोटात गेलेली भांग चढायला अर्ध्या तासापासून दोन तास घेते, आणि आठ-दहा तास राहते, कारण यकृतात टीएचसीपासून आणखी एक मादक द्रव्य तयार होतं. ‘काहीच झालं नाही’ म्हणून दुसरा पेला घेतला जातो, नेमका तिथे घात होतो.

माणसाला कुशीवर झोपवा, खोली शांत आणि मंद उजेडाची ठेवा, कुणीतरी ओळखीचं जवळ बसा आणि दर अर्ध्या तासाने वेळ, जागा, आपलं नाव सांगत राहा. गुंगीत असताना लिंबू, चिंचेचं पाणी, तूप, लोणचं काही तोंडात घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. डोक्यावर गार पाणी नको. मधुमेही असेल तर साखर तपासा. संडासला एकट्याला सोडू नका.

१०८ ला फोन केव्हा? जागं होत नाही, छातीत दुखतं, तोंड वाकडं झालं किंवा एका बाजूची ताकद गेली, पडून डोकं आपटलं (रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर खरचटलं तरी), किंवा बारा तासांनंतरही माणसं ओळखत नाही. त्वचा तापलेली आणि कोरडी, बाहुल्या खूप मोठ्या, लघवी अडकलेली, हवेत काहीतरी पकडतो आहे, असं दिसलं तर भांगेत धोत्रा मिसळला असण्याची शक्यता आहे. तो संशय डॉक्टरांना लगेच बोलून दाखवा, उपचार वेगळे असतात. “काहीतरी खाल्लं असेल” असं मोघम सांगण्याने स्ट्रोकच्या तपासण्यांत वेळ जातो किंवा त्याच्या उलट होतं. काय, किती, किती वाजता, हे सरळ सांगा.

एका दिवसात उद्भवलेला, सकाळी बरा आणि संध्याकाळी वाईट असा हेलकावे खाणारा गोंधळ डिमेन्शिया नसतो. त्याला डिलिरियम म्हणतात. भांगेबरोबरच लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, सोडियम घसरणं यांनी तो होतो. नशा उतरण्याची वाट पाहत दोन दिवस घालवू नका.

सोडायला मदत हवी असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस १४४१६, ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतं आहे. न्यूरोलॉजिस्टकडे जाताना वही, सगळ्या गोळ्यांचा डबा, चूर्णाच्या बाटल्या वेष्टनासकट, आणि मॉन्ट्रिअल चाचणी (स्मरण, लक्ष, आकलन तपासणारी) मराठीतून घ्या अशी विनंती, एवढं बरोबर न्या. ती तीस गुणांची आहे, मराठीत उपलब्ध आहे, आणि बारा वर्षांपर्यंत किंवा त्याहून कमी शिकलेल्याला एक गुण वाढवून द्यायचा असतो. तो दिला गेला का, हे विचारायला संकोच करू नका.